निमित्त सूर्याचं

उकाड्यावरून विषय निघाला. हल्ली तो निघतोच. रात्रीची गाडी, डब्यातले पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते, खिडकीची लोखंडी पट्टी अंधार पडून गेला तरी हाताला कोमट लागत होती, आणि कोणीतरी म्हणालं की आता ऋतूंचं काही खरं राहिलं नाही. समोरच्या बाकावरचे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि शांतपणे म्हणाले, "अहो, हवामान कधी एका जागी होतं? हिमयुगं आली नि गेली. ती काय मोटारींनी आणली होती?" डब्यात हशा पिकला. ते काही वाद घालायला बोलले नव्हते. एखादी गोष्ट पक्की ठाऊक असलेला माणूस ज्या सुरात बोलतो, तो सूर होता. मग चादर ओढून ते झोपूनही गेले. मला मात्र झोप लागेना.

त्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर एव्हाना विसरले असते. पंचाईत अशी की त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. हिमयुगं मोटारींनी आणली नाहीत. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी आजच्या कॅनडाच्या डोक्यावर तीन-तीन किलोमीटर जाडीचं बर्फ बसलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. त्याच्या उलट, पाचेक कोटी वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर सुसरींच्या कुळातले प्राणी दलदलीत पहुडत होते. त्यांची हाडं तिथे सापडली आहेत. यातल्या कशालाच माणूस जबाबदार नव्हता. एकतर तो नव्हताच, किंवा होता तो शेकोटीभोवती अंग चोरून बसलेला.

मग खटकलं काय? खटकला त्या वाक्याचा सैलपणा. हवामान आपलं लहर येईल तसं बदलतं, आज इकडे उद्या तिकडे, असा काहीसा अर्थ त्यातून डब्यातल्या प्रत्येकानं घेतला आणि निश्चिंत मनानं कूस बदलली. पण हवामान लहरीनं कधीच बदललेलं नाही. दर वेळी त्याला कशानं तरी ढकललेलं आहे. तो धक्का केवढा होता, हे शोधायला माणसांनी आयुष्यं घालवली, आणि जे हाती लागलं ते निश्चिंत करणारं तर अजिबात नाही.

त्या माणसांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेम्स क्रोल. स्कॉटलंडमधला गरीब घरचा मुलगा. शाळा अर्धवट सुटलेली. सुतारकाम केलं, पण हाताचं कोपर दुखावलं आणि ते सोडावं लागलं. चहाचं दुकान काढलं, ते चाललं नाही. मद्य न देणारं एक हॉटेल चालवलं, तेही बसलं. विमा विकला, अबोल माणूस, त्याला तो कसला जमतोय? शेवटी १८५९ मध्ये ग्लासगोच्या अँडरसोनियन संस्थेत तो रखवालदार म्हणून लागला. पगार बेताचा, पण इमारतीत ग्रंथालय होतं. तिथली पुस्तकं वाचून पाच वर्षांत त्यानं एक निबंध लिहिला. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा हजारो वर्षांत कमी-जास्त लंबगोल होत असते, त्यानं हिवाळे बदलत असतील आणि त्यातून हिमयुगं येत असतील, असा त्याचा कयास होता. निबंध वाचून मोठमोठे शास्त्रज्ञ त्याच्याशी पत्रव्यवहार करू लागले. पुढे तो रॉयल सोसायटीचा फेलोही झाला. त्याच्या मांडणीतले तपशील बरेच चुकले, कडक हिवाळ्यावर त्यानं सगळी भिस्त ठेवली तीही चुकीची ठरली. पण एक गोष्ट त्यानं अशी पाहिली की जी त्याच्या आधी कोणी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. कक्षेतल्या फरकानं होणारा बदल अगदी थोडा, हे त्यालाही दिसत होतं. म्हणून तो म्हणाला की थोडं बर्फ साचू दे, पुढचं काम बर्फच करेल. पांढरं बर्फ ऊन परतवतं, त्यानं आणखी गारठा, गारठ्यानं आणखी बर्फ.

हे लिहिणारा माणूस दिवसभर दारं उघडत आणि बंद करत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

क्रोलचं काम नंतर अडगळीत पडलं, आणि ते पुन्हा हातात घेतलं एका सर्बियन इंजिनिअरनं. मिलुतीन मिलांकोविच हा मुळात काँक्रीटच्या बांधकामातला माणूस. १९१४ च्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं आणि नवरा-बायको त्याच्या जन्मगावी, दाल्यला गेले. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत. तेवढ्यात महायुद्धाला तोंड फुटलं आणि सर्बियाचा नागरिक म्हणून त्याला पकडून कोठडीत टाकलं. कोठडीचं दार मागे बंद झाल्यावर त्यानं बॅग उघडली, तर आत त्याचे गणिताचे कागद होते. तो लिहायला बसला. पुढे खटपटी होऊन त्याला बुडापेस्टमध्ये राहायची मुभा मिळाली. शहर सोडायचं नाही आणि पोलिसांकडे हजेरी द्यायची एवढीच अट. युद्धाची वर्षं त्यानं तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात काढली. कुठल्या अक्षांशावर, कुठल्या ऋतूत, किती हजार वर्षांपूर्वी किती ऊन पडत होतं, हे तो हातानं मोजत होता. यंत्र नाही, मदतनीस नाही.

त्याच्या हिशेबात पृथ्वीच्या तीन सवयी येतात. कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांच्या आवर्तनात कमी-जास्त लंबगोल होतो. आसाचा कल ४१ हजार वर्षांत साधारण २२ ते साडेचोवीस अंशांमध्ये येरझारा घालतो. आणि आस स्वतःच डुलत गोल फिरतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कुठल्या ऋतूत असेल ते साधारण २१-२३ हजार वर्षांच्या चक्रात बदलत राहतं. व्लादिमीर क्योपेन या हवामानशास्त्रज्ञानं त्याला एक कळीची गोष्ट सुचवली: हिवाळा सोड, उन्हाळा बघ. ध्रुवाकडच्या प्रदेशात हिवाळी बर्फ काय, पडतंच. प्रश्न असतो तो उन्हाळ्यात वितळतं की नाही एवढाच. उन्हाळे गार पडत गेले की वर्षाला थोडं थोडं शिल्लक राहतं, आणि शिल्लक राहिलेल्याचा हजारो वर्षांत डोंगर होतो. १९४१ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ बेलग्रेडला छापला जात होता तेव्हा शहरावर बाँब पडले, छापखाना उद्ध्वस्त झाला. छापून झालेले फर्मे मात्र गोदामात सुखरूप राहिले. मिलांकोविच १९५८ मध्ये गेला. तोवर त्याच्या म्हणण्यावर फारसा कोणाचा विश्वास उरला नव्हता. १९७६ साली दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळात, सूक्ष्म शिंपल्यांमधल्या ऑक्सिजनच्या नोंदीत, नेमकी तीच आवर्तनं सापडली. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांचा तो निबंध. हिमयुगांची वेळ कक्षाच ठरवते, यावर तेव्हा शिक्कामोर्तब झालं.

इथे डब्यातल्या गृहस्थांना टाळी द्यायला हरकत नाही. मोटारी नव्हत्याच, सूर्य होता.

पण मिलांकोविचचे आकडे पुन्हा बघितले की पाय अडखळतो. आसाचा कल बदलला काय किंवा तो डुलला काय, पृथ्वीवर वर्षभरात पडणाऱ्या एकूण उन्हात काहीच फरक पडत नाही. ऊन फक्त इकडचं तिकडे होतं: या गोलार्धाच्या उन्हाळ्यातलं त्या गोलार्धाच्या उन्हाळ्यात, विषुववृत्ताजवळचं ध्रुवाकडे. कक्षेच्या आकारानं एकूण बेरीज बदलते खरी, पण तीही एक टक्क्याच्या लहानशा अंशानं. आणि एवढ्या क्षुल्लक हलवाहलवीतून सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ७ अंशांनी खाली गेलं, समुद्र १२० मीटर उतरला! कारण आणि परिणाम यांचा मेळच बसत नाही. सूर्य निमित्त झाला एवढंच म्हणता येतं. बाकीचं कोणी केलं?

एकदा डोंगरात, वसंत सरत आलेला असताना, सावलीला उरलेल्या जुन्या बर्फाच्या पट्ट्याशेजारी मी बराच वेळ बसले होते. लांबून तो पट्टा पांढरा दिसतो, जवळून तसा नसतो. वर धुळीची करडी साय, अधूनमधून काटक्या, बिया. आणि वाळकी पानं. प्रत्येक पान बर्फात आपल्याच आकाराच्या खळग्यात बसलेलं होतं. कडा नेमक्या, देठालासुद्धा वेगळी बारीक खाच, जणू कोणी साच्यानं काढलंय. बोट घालून बघितलं तर खळगा दोन पेरांएवढा खोल आणि तळाशी थेंबभर पाणी. काळपट पानानं ऊन पिऊन घेतलं, खालचं बर्फ वितळलं, पान खाली गेलं. ग्रीनलँडच्या हिमचादरीवरही अशीच भोकं असतात, धुळीच्या कणांनी पाडलेली. नॉर्डेनशेल्ड या प्रवाशानं १८७० मध्ये त्यांतल्या काळ्या गाळाला नाव दिलं, क्रायोकोनाइट. ताजं बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के परत पाठवतं. मोकळा समुद्र दहा टक्क्यांहूनही कमी. समुद्रावरचं बर्फ हटलं की जिथून ऊन परत जात होतं तिथेच ते मुरायला लागतं, पाणी तापतं, शेजारचं बर्फ हटतं. उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९ पासून उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापला, त्यात या पानाच्या खळग्याचा वाटा मोठा आहे.

शास्त्रज्ञ याला फीडबॅक म्हणतात. मला त्यावरून घरातली भांडणं आठवतात. एकानं आवाज चढवला की दुसऱ्यानं चढवायचा, म्हणून पहिल्यानं आणखी, आणि थोड्या वेळानं मुळात विषय काय निघाला होता हे दोघांनाही सांगता येत नाही.

बर्फाच्या जोडीला आणखी एकजण या भांडणात होता, तो बराच उशिरा सापडला. क्लोद लोरियस हा फ्रेंच हिमनदीतज्ज्ञ १९६५ मध्ये अंटार्क्टिकात होता. दिवसभर बर्फात छिद्रं पाडून खोलवरचे दंडगोल बाहेर काढायचं काम. एका संध्याकाळी त्यातलाच जुना तुकडा कोणी व्हिस्कीच्या पेल्यात टाकला. तुकडा वितळू लागला तसे त्यातून बुडबुडे तडतडत फुटले. सगळ्यांनी ते पाहिलं असणार, पण लोरियसच्या मनात आलं की ही हवा आत्ताची नाही. हे बर्फ पडलं तेव्हा कोंडली गेली, ती ही. त्या एका विचारातून पुढे व्होस्तोक तळावरच्या बर्फात ४ लाख २० हजार वर्षांची आणि डोम सी इथल्या बर्फात ८ लाख वर्षांची जुनी हवा हाती आली. त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला तर हिमयुगात दर दहा लाख भागांत १८० च्या आसपास, उबदार काळात २८० च्या आसपास. तापमानाची रेषा आणि या वायूची रेषा एकमेकींचा हात धरून वर-खाली जातात. ती आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं. आज तो आकडा ४२० च्या वर आहे. आकृतीत तो दाखवायचा तर कागद वर वाढवावा लागतो.

आता याच आकृतीवर बोट ठेवून हुशार माणसं एक शंका काढतात, आणि ती काढायलाच हवी. हिमयुग संपताना अंटार्क्टिकात तापमान आधी चढू लागलं आणि वायू मागाहून, काही शे वर्षांनी वाढला असं जुन्या मोजमापांत दिसलं होतं. नव्या मोजमापांत ते अंतर खूपच कमी भरलं. पण मागाहून असं धरून चालू. मग वायू कारण कसा? मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर प्रश्नाहून जास्त अस्वस्थ करतं. तेव्हा वायूनं सुरुवात केलीच नव्हती. कक्षेनं उत्तरेकडचं ऊन किंचित वाढवलं, बर्फ हललं, सागरातले प्रवाह बदलले, थंड खोल पाण्यात विरघळून पडलेला कार्बन डायऑक्साइड वर आला, आणि मग त्यानं सगळ्या पृथ्वीला ऊब दिली, ज्या गोलार्धात ऊन वाढलं नव्हतं त्यालासुद्धा. म्हणजे हा वायू आधी येऊन ढकलूही शकतो आणि मागून येऊन रेटूही शकतो. तो कुठून आला हे उष्णतेला विचारावंसं वाटत नाही. समुद्रातून आला की धुराड्यातून, काम तेच.

हे काम तो करतो, हे तर हिमयुगांचं कोडं सुटण्याच्याही आधी माहीत झालं होतं. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेची नळकांडी घेतली, आत थर्मामीटर ठेवले, एकात साधी हवा, एकात कार्बन डायऑक्साइड भरला आणि दोन्ही उन्हात ठेवली. दुसरं नळकांडं जास्त तापलं, आणि उन्हातून बाजूला घेतल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. कोरड्या हवेपेक्षा दमट हवाही जास्त तापते हेही त्यांनी टिपलं. १८५६ सालची गोष्ट. हा वायू एके काळी जास्त असेल तर पृथ्वी जास्त उष्ण असणार, असं त्यांनी लिहून ठेवलं. सभेत तो निबंध वाचला मात्र एका पुरुष प्राध्यापकानं. मग तीनेक वर्षांनी जॉन टिंडल या ब्रिटनमधल्या भौतिकशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत बारकाईनं मोजमाप केलं आणि बाष्प हा उष्णता अडवणारा सगळ्यात जबर वायू असल्याचं दाखवलं.

बाष्प! त्याचा उल्लेख आपण फार कमी करतो, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीचा कणा तो आहे. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. बाष्प वाढलं की उष्णता जास्त अडते, हवा आणखी तापते. पण बाष्प स्वतःहून काही सुरू करू शकत नाही. जास्त झालं तर आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. त्याला कोणीतरी आधी हवा तापवून द्यावी लागते. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांना हे कळलं होतं. १८९६ साली त्यांनी वर्षभर कागद-पेन्सिलीनं आकडेमोड करून, चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेच्या दुसऱ्या कोणी केलेल्या नोंदी वापरून, एकेका अक्षांशाचा हिशेब मांडला, आणि त्यात बाष्पाची ही भर धरली. त्यांना भविष्याची चिंता नव्हती. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यानं हिमयुग येऊ शकतं का, एवढंच बघायचं होतं. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं उत्तर त्याच गणितात पडून मिळालं: ५ ते ६ अंश. आज ते थोडं जास्त वाटतं, पण त्या साधनांवर! डब्यातल्या गृहस्थांना त्या रात्री मी हेच सांगायला हवं होतं की काय कोण जाणे. पृथ्वीच्या तापण्याचा पहिला आकडा हिमयुगांचा शोध घेतानाच सापडला. त्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्धचे पुरावे नाहीत, एकाच तपासाची दोन पानं आहेत.

ज्वालामुखींचं काय, हे पुढचं. ते थंडावाही आणतात आणि ऊबही, पण निरनिराळ्या घड्याळांवर. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. ज्वालामुखीतला गंधकयुक्त वायू उंच जाऊन बारीक थेंबांचं विरळ धुकं होतं, ऊन अडवतं, आणि दोन-तीन वर्षांत खाली बसतं. संपला खेळ. कार्बन डायऑक्साइड ते सोडतातच, पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या हिशेबात एक टक्काही भरत नाही. सूर्यावरचा आरोपही लवकर निकालात निघतो. १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजतायत. अकरा वर्षांच्या चक्रात ते एका टक्क्याच्या दहाव्या भागाएवढं हलतं आणि इतक्या वर्षांत चढताना दिसत नाही. शिवाय सूर्यच तापवत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडते आहे, याची यापेक्षा स्वच्छ खूण मिळणार नाही.

तरी एका ज्वालामुखीपाशी थांबायलाच हवं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला आणि पृथ्वी वर्षा-दोन वर्षांसाठी सुमारे अर्ध्या अंशानं थंडावली. शास्त्रज्ञांना आयताच प्रयोग मिळाला. बाष्पाची गोष्ट खरी असेल तर ती उलट दिशेनंही घडली पाहिजे: हवा गार झाली की बाष्प कमी, बाष्प कमी झालं की थंडावा आणखी. उपग्रहांनी बाष्प मोजलं, ते खरंच घटलं होतं. मग संगणकातल्या प्रतिकृतीत बाष्पाची साखळी मुद्दाम तोडून पाहिली, तर पृथ्वी प्रत्यक्षात झाली तेवढी थंड होईचना. साखळी जोडली आणि आकडे जुळले. माणसाला करता न येणारी परीक्षा एका डोंगरानं घेतली, आणि मला हे वाचताना आनंद झाला, हे कबूल करायला हवं. हा आनंद जरा विचित्र आहे. कोडं सुटल्याचं समाधान आणि सुटलेल्या कोड्याचा अर्थ या दोन गोष्टी मनात एका जागी मावत नाहीत.

सगळेच फीडबॅक आगीत तेल ओतणारे असते तर पृथ्वी केव्हाच उकळून किंवा गोठून गेली असती. सगळ्यात जबर लगाम अगदी साधा आहे: वस्तू जेवढी तापते तेवढी जास्त उष्णता बाहेर टाकते, आणि हे टाकणं तापमानापेक्षा कितीतरी भराभर वाढतं. तो नसता तर बाकी काही बोलायलाच नको. दुसरा लगाम दगडांचा. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, खडक झिजवतं, ती झीज नद्यांतून समुद्रात जाते आणि तळाशी चुनखडी होऊन बसते. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज दोन्ही वाढतात, वायू कमी होतो. गारठली की झीज मंदावते आणि ज्वालामुखींचा वायू साठत जातो. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी बर्फानं दोनदा जवळजवळ अख्खी पृथ्वी, विषुववृत्तापर्यंत, झाकली होती, असं खडक सांगतात. सगळीकडे पांढरं, ऊन परत जातंय, वितळायला काही कारणच नाही. तरी ती सुटली, कारण बर्फाखाली झीज बंद होती आणि ज्वालामुखी चालू होते. लाखो वर्षं वायू साठला आणि अखेर बर्फ हरलं. त्या हिमगाळाच्या थरांवर थेट चुनखडीचा जाड थर बसलेला अनेक खंडांवर सापडतो.

हा दगडी लगाम वाचून मला एकदा फार हायसं वाटलं होतं, त्याचा वेग कळेपर्यंत. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आला, पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली, आणि पूर्ववत व्हायला तिला एक लाखाहून जास्त वर्षं लागली. आपण कार्बन सोडतोय तो त्या वेगाच्या कित्येक पट वेगानं. पृथ्वी सावरते, यात वादच नाही.

तिच्या सवडीनं सावरते.

याच जोडीला कक्षेचं आजचं म्हणणं काय, तेही पाहिलं पाहिजे. पृथ्वी सध्या सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धाचा उन्हाळा सूर्यापासून लांब असतानाचा आहे. आसाचा कलही कमी होत चालला आहे. गेली दहा हजार वर्षं उत्तरेकडचं उन्हाळी ऊन हळूहळू घटतंय. याच घटीमुळे पावसाचे पट्टे सरकले आणि कधीकाळी गवताळ, तळी असलेला, पाणघोडे डुंबणारा सहारा वाळवंट झाला. तिथेही ऊन निमित्त होतं, आणि झाडोरा गेल्यावर दमटपणा टिकेना हे पुढचं. थोडक्यात, जुन्या हिमयुगांचा सूत्रधार आज कामावर असलाच तर तो आपल्याला अगदी हलक्या हातानं थंडीकडे नेतोय. तापण्याचं निमित्त या वेळी त्याचं नाही. पण निमित्त कोणाचंही असलं तरी पुढची मंडळी तीच आहेत: बाष्प, बर्फ, समुद्र. शिवाय उत्तरेकडची बारमाही गोठलेली जमीन, जिच्यात सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन पडून आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. त्यातली पानं आणि मुळं हजारो वर्षं कुजायची थांबलेली आहेत. जमीन सैल झाली की ती कुजायला लागतात.

म्हणून 'हवामान तर नेहमीच बदलत आलंय' हे वाक्य मला आता दिलासा वाटत नाही, साक्ष वाटते. एवढ्याशा धक्क्यानं जे एवढं हलतं, ते हलवायला सोपं आहे असंच त्याचा इतिहास सांगतो. आणि गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी ही साक्ष अक्षरशः काढली आहे. वायू दुप्पट झाला आणि कुठलाच फीडबॅक नसला तर तापमान एका अंशाहून थोडंसंच वाढेल. फीडबॅक धरून किती, यावर १९७९ मध्ये ज्यूल चार्नी या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाच्या समितीनं दीड ते साडेचार अंश असा अंदाज दिला, आणि चाळीस वर्षं तो जवळपास तिथेच अडकून होता. अलीकडे तीन वेगवेगळ्या वाटांनी त्याची फेरतपासणी झाली: एक वाट फीडबॅकच्या भौतिकीची, एक गेल्या दीडशे वर्षांच्या मोजमापांची, आणि एक प्राचीन हवामानाची. दोन अंशांखालचा आकडा या तिन्हींपैकी एकाही वाटेवर नीट बसेना. वरचं टोक छाटायला मात्र हिमयुगानंच मदत केली. पृथ्वी साडेचार अंशांहून जास्त संवेदनशील असती तर तेव्हा ती याहूनही खूप जास्त गोठायला हवी होती. २०२१ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनं अडीच ते चार ही पट्टी मान्य केली, मध्ये ३. अडीच आणि चार यांतलं अंतर उरलंय ते बरंचसं ढगांमुळे. समुद्रावरचे सखल, दाट ढग ऊन परतवून गारवा देतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि हवा तापत गेली की यातले कुठले किती कमी होतील याचा हिशेब अजून चालूच आहे. आतापर्यंतचा कौल असा, की सखल ढग विरतील.